न फोडलेल्या बांगड्या

मास्तर, तुमी लढाईचं इचारायले आले, पन आधी मी कोनाची कोन ते ऐका. माझं माहेर तापीकाठच्या शहराबाहेर लालबाग हाये त्या अंगाचं, बाप कपाशी पिकवायचा, आन् लगीन होऊन मी तापीच्या काठाले या गावात आली. शहराच्या राजघाटाहून खाली आलं की नदी पसरते, पानी मानसाच्या कमरेइतकं होते, तो आमच्या गावचा उतार. तवा अंमल शिंदेसरकारचा, पन गोऱ्यांची पलटन यायची-जायची, राजा कोन ते आमाले शेतसारा भरतानाच समजायचं.

काय सांगू तुमाले, गोऱ्यांवर उठलेली ती बंडवाली फौज आली सकाळी, बैलगाड्यात जखमी भरलेले, पानी पानी करत, आन् मागं गोऱ्यांचा रिसाला, सारे घोडेस्वार. गाडी पान्यात हळू चालते मास्तर, बैल मधातच अडून बसतात. तर आमच्या गावातले मानसं आन् उताराची राखन करनारे भिल, ते म्हने तुमी निघा, आमी मागं थांबतो. कोनी हुकूम नव्हता देल्ला त्याहीले. बंदुका दोन-चार, बाकी तीरकमठे आन् पाखरं हाकायच्या गोफनी. आमचे घरधनी जोंधळ्यातून उठून तसेच गेले, मले म्हने भाकर झाकून ठेव. दुपारपातूर घोडा पान्यात उतरू देल्ला नाही त्याहीनं. शेवटली गाडी पल्याड लागली तवा बाकीचे पांगले, पन आमचे घरधनी आन् दोघं भिल तिथंच पडले. त्याहीले गावात आनलं नाही, तापीमायच्या हवाली केलं.

आनलं नाही कारन गोरा साहेब घरोघर झडती घ्यायले येनार व्हता. पाटलीनबाई माझ्याकडं आली, माझं तोंड हातानं दाबलं आन् म्हने रडू नको, ज्या घरात बांगड्या फुटतील ते घर जाळतील, आन् मंग साऱ्या गावाले धरतील. तिनंच माझं कुंकू नीट केलं. मी पोटुशी व्हती. दुसऱ्या दिवशी हवालदार दारात येऊन इचारते, तेरा आदमी किधर है, मी दळत व्हती, म्हटलं बैल घ्यायले हैद्राबादकडं गेले. त्यानं माझं कपाळ पाह्यलं, हात पाह्यले, आन् पुढं गेला.

गाव वाचलं. पन खोटं एकदा दारात उभं केलं की ते हालत नाही मास्तर. हळदीकुंकवाले मले बोलवायच्या, ओटी भरायच्या, आन् मी घरी येऊन चुलीपुढं बसायची, धूर डोळ्यात गेला म्हनायची. सासूले मालूम व्हतं, तीही चूप. मंग नव्या सुना आल्या, त्या म्हनायला लागल्या, हिच्या नवऱ्यानं तिकडं दुसरी केली. जो मानूस उतारावरून हलला नाही, त्याले पळपुटा म्हने! तोंडावर शेन मारावं वाटायचं. माझा ल्योकही बापाचं नाव निघालं की उठून जायचा. त्याले मिशी फुटली तवा मी सांगतलं. तो तसाच नदीवर गेला.

तुमी म्हनता ती फौज पुढं हरली, मंग या लढाईनं काय झालं. मी बी लय इचार केला याचा. मोठ्या लढाया मले मालूम नाही. पन मोठ्या फौजेलेही नदी वलांडा लागते न, आन् उतार तर आमच्याच गावचा व्हता. ते जखमी पोरं पल्याड गेले, मी डोळ्यानं पाह्यले. त्यातले कितीक घरी पोचले असतील, त्याहीच्याही मायनं कुठं भाकर झाकून ठेवली असेल. तेवढं झालं. कमी का जास्त, ते तुमी शिकल्यासवरल्यानं ठरवा.

आता आमची सून म्हनते, आत्याबाई नशीबवान, हिरवं लुगडं नेसून जातील. तुमच्या लेकरायचं भलं होवो मास्तर, हे लिवलेलं तेवढं तिले वाचून दाखवा. हिरवं नेसवा, माझी ना नाही. पन मले उचलायच्या आधी कोनीतरी माझ्या बांगड्या फोडा, आन् माझ्यासाठी नाही, आमच्या घरधन्यासाठी रडा, साऱ्या गावाले ऐकू जाईल असं. ते राहून गेलं आहे.