फोन माझ्यापर्यंत येतो तेव्हा

…आणि वर मलाच विचारतात, "जावईबापू, आज लवकर कसे आलात?" म्हणजे मी, माझ्या घरात, माझ्या चावीनं दार उघडून आलो, तर लवकर. तुम्हाला सांगतो, माझी तक्रार नाही, पण सासरेबुवा माझ्या खुर्चीत, माझाच चष्मा लावून पेपर वाचतायत आणि मी चपला हातात धरून उभा, कारण चपलांच्या जागी सासूबाईंच्या कुंड्या… आता बोला.

त्याचं काय झालं, बायकोची बदली झाली. ती धरणाच्या कामावर मोजणी करते, तिकडं डोंगरात. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, मला कोण बदलणार? ती गेली आणि लगेच हे दोघं आले. "घराला रंग देतोय, वास जाईपर्यंत राहतो." अहो, कुठला रंग हा? वर्ष होत आलं, वास जाईना. आधी बॅगा आल्या, मग शिलाई मशीन, मग पलंग. पलंग खोलीत मावला, मी मावलो नाही, बाहेर सतरंजीवर आलो. तक्रार नाही माझी.

पण फोन… तिला टेकडी चढल्याशिवाय रेंज मिळत नाही. दिवसभर उन्हात दमलेली, तरी संध्याकाळी चढते बिचारी. फोन माझाच बरं का, पण मी खिशातून काढेपर्यंत सासूबाईंचा हात पुढं. "अगं, जेवतेस का नीट?" मग सासरेबुवा, "तुझ्या आईला विचार, माझा गुडघा कुणामुळं दुखतोय," मग त्या गुडघ्यावरून दोघांचं भांडण, आणि फोन माझ्यापर्यंत येतो तेव्हा तिकडून, "अरे, अंधार पडला, उतरते मी. ठीक ना तू?" मी म्हणतो, "ठीक." झाला संसार. एवढं एक 'ठीक' म्हणायला लग्न केलं का मी?

शेवटी धीर करून म्हटलं, "बाबा, रंग वाळला असेल आता."

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "रंग दिलाच नव्हता हो. पोरगी म्हणाली, हा एकटा पडला की जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, तुम्ही राहा. आम्हाला तरी इथं कुठं करमतंय? माझे पत्त्यांचे भिडू सगळे तिकडं."

म्हणजे वर्षभर मी यांना सोसतोय आणि हे मला!

गेले. पलंगासकट. संध्याकाळी फोन आला, थेट माझ्या हातात. ती म्हणाली, "बोल." मी म्हटलं, "तू बोल." ती हसली. मग नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाली, "बाबांचा गुडघा कसाय?" आणि मला माहीतच नव्हतं हो. उजेड होता अजून, तरी उतरली ती. मी खुर्चीत बसलो, पेपर उघडला, एक गमतीची बातमी होती, वाचून दाखवायला मान वर केली… तक्रार नाही, पण भिंतीला काय वाचून दाखवणार?

मग मीच फोन लावला. "बाबा, नळ गळतोय, मला जमत नाही." नळ चांगला धडधाकट होता. "निघतोच," म्हणाले, कुठला नळ तेही विचारलं नाही.

आले. सोबत मेहुण्यालाही घेऊन आले, त्याला म्हणे नळातलं कळतं. त्यानं येताक्षणी नळ खोलला, आणि तुम्हाला सांगतो, आता तो खरंच गळतोय.