गळका एसी वरूडले गेला

काय सांगू राजेहो, मी अकोल्यात नवा एसी घेतला तो थंडाव्यासाठी नाही, हवेच्या भल्यासाठी घेतला. आमचा मिस्त्रीच म्हने, "तुमच्या जुन्याचा गॅस सारखा गळते, अन् तोच वर हवेत जाऊन ऊन वाढवते. नव्यातला गॅस काही साधुसंत नाही, पन याच्याहून लय बरा."

दुकानदार जुना वापस घेऊन त्यातला गॅस नीट काढनार होता. तेवढ्यात माय आडवी आली. "चालू वस्तू कोनी परक्याले देते काय? पोरीले दे!" झालं. वरूडहून आलेली संत्र्याची गाडी रिकामी वापस चालली होती, तिच्यात एसी तिथं बहिनीकडं गेला.

काल तिचा फोन आला. मी भीत भीत इचारलं, "गॅस गळते काय वं?"

"गळतेच न दादा! पन इथला मिस्त्री दर महिन्याले भरून देते. ऊन केवढं वाढलं यंदा! दिवसभर बंदच करत नाही आमी."

म्हंजे पयले एक चाले, आता दोन चालून राहिले. मी डोकं धरून बसलो, तं बाई तिकडून म्हनते, "अन् दादा, तुहा नवा जुना झाला की तोबी मलेच देजो, बरं!"