क्रेमरबाईंच्या बारा रात्री

उल्का : बाबा, तुमच्या खोलीच्या बाल्कनीत हे धोतर कोणी वाळत घातलं?

श्यामकांत : मीच. दिवसभर घरात दुसरं असतं कोण?

उल्का : अहो, बाहेर मायनस सहा आहे! खाली तळघरात ड्रायर आहे, कितीदा दाखवलाय तुम्हाला. हे बघा, पापडासारखं कडक झालंय.

श्यामकांत : होणारच. तीन दिवस झाले.

उल्का : तीन दिवस? अहो बाबा, नाताळ ते सहा जानेवारी इथले जुने जर्मन लोक दोरीवर कपडे घालत नाहीत. गेल्या वर्षी त्यावरून केवढं रामायण झालं होतं!

श्यामकांत : माहितीये तर. बारा रात्री आभाळातून भुतांची स्वारी जाते. घोडे, कुत्री, सगळा लवाजमा. पांढरं कापड दिसलं की त्यात अडकते, मग वर्षाच्या आत घरातलं एक माणूस जातं. आपल्या चिपळूणकडे वेताळाची फेरी निघते ना, तसंच. तुझ्या लेकीकडून, अन्वीकडून सगळं समजून घेतलं मी.

उल्का : म्हणजे मुद्दाम घातलंत?

श्यामकांत : हो.

उल्का : बाबा!

श्यामकांत : जाणारं माणूस मीच असणार ना? चौऱ्याहत्तर झाली. एवढ्या स्वारीला मी काय जड होणारे!

उल्का : काहीतरीच बोलू नका. पण का?

श्यामकांत : खालच्या क्रेमरबाई वर येतात म्हणून.

उल्का : भांडायला?

श्यामकांत : भांडायलाच. गेल्या वर्षी दारातच तोफखाना सुरू केला. मला एक अक्षर कळेना. मी आपला त्यांच्या भाषेत 'या, या, गेनाऊ', हो हो, बरोबर, म्हणत राहिलो. ओरडून ओरडून त्यांना दम लागला, तेव्हा खुर्ची दिली. आल्याचा चहा दिला. दीड तास बसल्या. त्यांनी नवऱ्याचा फोटो दाखवला, मी तुझ्या सासूबाईंचा दाखवला. दुसऱ्या दिवशी दोरी तपासायला परत हजर. तेवढ्यासाठी मी पंचा टांगून ठेवलाच होता. सहा तारखेपर्यंत रोज चाललं होतं आमचं.

उल्का : आम्हाला पत्ताच नाही.

श्यामकांत : नंतर वर्षभर जिन्यात नुसतं 'हालो'. या एर्लांगेनात कारणाशिवाय कोणी कोणाचं दार वाजवत नाही. मी आपली पुढच्या नाताळाची वाट बघत बसलो. पण यंदा आल्याच नाहीत. तू जरा खाली जाऊन विचार ना गं, बरं आहे ना त्यांना?

उल्का : बाबा... त्या गेल्या.

श्यामकांत : गेल्या?

उल्का : नाही, नाही, तसं नाही! बांबेर्गला गेल्या, मुलीच्या गावी. तिथल्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. बावीस तारखेला.

श्यामकांत : आज अठ्ठावीस.

उल्का : निघताना वर आल्या होत्या, तुम्हाला भेटायला. तुम्ही दुपारचे झोपला होतात. मीच म्हटलं, उठवत नाही. मग सांगायचं राहूनच गेलं. चुकलंच माझं.

श्यामकांत : काही म्हणाल्या?

उल्का : म्हणाल्या, आजोबांना सांग, सहा तारखेपर्यंत दोरीवर काही घालायचं नाही.

श्यामकांत : हं. हेच म्हणणार त्या.

उल्का : काढू का धोतर?

श्यामकांत : राहू दे. कोणाला तरी राग येईल, कोणीतरी वर येईल.

उल्का : बाबा, असं नका ना बोलू.

श्यामकांत : तुझ्यावर राग नाही गं. तू दमून येतेस, पुष्कर रात्रीचा येतो, अन्वी विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देते. चार माणसांचं घर, आणि दिवसभर मला माझंच खोकणं ऐकू येतं. फार एकटं वाटतं, एवढंच.

उल्का : (कोट काढून खुर्ची ओढते) सहा तारखेपर्यंत दोरीवर काही घालायचं नाही, सांगितलं होतं ना तुम्हाला?

श्यामकांत : छे. त्या याहून मोठ्यानं रागवायच्या.

उल्का : (आवाज चढवून) बाबा, हे काय चाललंय!

श्यामकांत : हां. आता बस. आलं किसतो.