अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. चांगल्या कामाला कुलूप असावं का? — असावं की! दाराला असावं, कपाटाला असावं. पण तेच कुलूप एक दिवस मालकालाच आत घेईना, तर चूक कुणाची? कुलपाची? टाळकरी माना डोलवतायत. थांबा, आधी गोष्ट ऐका.

एका तालुक्याच्या गावी रंगनाथराव खडके म्हणून निवृत्त पोस्टमास्तर होते. सरळ माणूस! बावीस वर्षं एकच काम केलं — रक्तदात्यांची यादी. अकराशे माणसं. कुणाचा गट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं लॅपटॉपमध्ये. दवाखान्यातून फोन आला की रंगनाथराव यादी उघडणार, दाता शोधणार. कित्येक घरांत आज दिवा लागतो तो या माणसामुळे.

आणि त्यांच्या जोडीला होत्या यमुनाताई ढोबळे. अंगणवाडीच्या बाई. दारोदार फिरून यादीतली निम्मी नावं त्यांनी जमवली.

मग आली निवडणूक. यादीतल्या माणसांना एका उमेदवाराचे मेसेज यायला लागले. रंगनाथरावांच्या मनात संशय शिरला. संशयाला दार लागत नाही, मंडळी, फट पुरते. भर शिबिरात, चारचौघांत त्यांनी विचारलं, "यमुनाताई, यादी कितीला विकली?"

बाईंनी पदर सारखा केला आणि घरी गेल्या.

रंगनाथरावांनी त्यांचं नाव यादीतून पुसलं. पासवर्ड बदलला. मोबाईलमधले दात्यांचे सगळे नंबरही काढून टाकले. पुढे दोन महिन्यांनी कळलं — शिबिराच्या हजेरीची वही रंगनाथराव स्वतःच मांडवात विसरले होते, तिथून कुणीतरी नंबर उतरवून घेतले. हे कळलं, आणि ते गप्प बसले. यमुनाताईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे. आठ महिने झाले, त्या दोन गल्ल्या काही ओलांडवल्या नाहीत. तुम्ही हसू नका. तुमच्या-माझ्या पायांनाही अशा गल्ल्या ठाऊक आहेत.

एके दिवशी दुपारी दोनला दवाखान्यातून फोन. एक पोर बाळंत झाली, रक्त थांबत नाही. गट ओ निगेटिव्ह. जिल्ह्याहून रक्त निघालंय, पण तीन तास लागतील. डॉक्टर म्हणाले, "रंगनाथराव, तासाभरात दोन पिशव्या हव्यात. नाहीतर मला शब्द देता येणार नाही."

त्यांनी लॅपटॉप उघडला. पडदा निळा झाला, गोल गोल चक्र फिरलं आणि बंद! पुन्हा लावला. पुन्हा निळा, पुन्हा बंद. काखोटीला मारला आणि गेले जमीर बागवानच्या दुकानात. जमीर गावातला जाणता कारागीर. त्याने बॅटरी काढली, आतली मेमरीची पट्टी खोडरबरने घासून बसवली, चालू केलं. निळा पडदा, बंद. मग डिस्कच बाहेर काढली आणि आपल्या मशीनला जोडली.

"काका, डिस्क ठणठणीत आहे. पण तुम्ही तिला एन्क्रिप्शन लावलंय. आतलं अक्षर न् अक्षर कालवलेलं आहे. दुसऱ्या मशीनवर तुमचा पासवर्ड चालत नाही, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली घातली, तरच उघडेल."

"आहे ना! लिहून ठेवलीय."

"कुठं?"

रंगनाथरावांनी समोरच्या लॅपटॉपकडेच बोट दाखवलं. किल्ली लॅपटॉपमध्येच होती! अहो, किल्ली पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं! जमीरने मान खाली घातली. "मग काका, माझ्या हातात काही नाही. हे कुलूप फोडता येत नाही."

किल्ली आणखी एका जागी होती, मंडळी. तीन वर्षांपूर्वी कुलूप लावलं, तेव्हा एक कागद छापून त्यांनीच दिला होता. म्हणाले होते, एका घराला आग लागली तर दुसऱ्या घरी असावा. कुणाला दिला होता, ते सांगायला नको.

घड्याळात अडीच. आठ महिन्यांत न ओलांडलेल्या दोन गल्ल्या त्या म्हाताऱ्या माणसाने पाच मिनिटांत पार केल्या. दारात उभे राहिले. धाप लागलेली. वाटेत ठरवलेलं सगळं विसरलं, आणि खरं तेच बाहेर आलं.

"यमुनाताई, यादी तुम्ही विकली नव्हती. मला ठाऊक होतं. आठ महिने ठाऊक होतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आत्ता काय झालं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. बाई आत गेल्या, देव्हाऱ्यातला देव उचलला, आसनाखालून घडी केलेला कागद काढला. हळदीचे डाग पडलेले. चोर म्हणून हाकललेल्या बाईने तो कागद फाडला नव्हता, मंडळी! रोज सकाळी त्याच्यावर देव मांडत होती!

"हा घ्या," त्या म्हणाल्या आणि पायात चपला घातल्या.

"तुम्ही कुठं?"

"दवाखान्यात. माझा गट विसरलात? पहिली पिशवी माझी. दुसरी यादीत शोधा."

ओ निगेटिव्ह! स्वतःच्या हाताने पुसलेलं नाव! ज्या माणसाला अकराशे नावं जपायची होती, त्याने नेमकं हेच नाव पुसलं होतं.

जमीरच्या दुकानात रंगनाथराव एकेक आकडा वाचत होते. डोळे भरत होते, दोनदा चुकले. जमीर म्हणाला, "सावकाश वाचा, काका." यादी उघडली. त्या गटाचा एक शिक्षक सापडला, शाळा सोडून धावत आला. पोर वाचली. तिच्या शेजारच्या खोलीत यमुनाताई हातावर कापसाचा बोळा दाबून बसल्या होत्या. रंगनाथराव त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. वाटेत अर्धा सांडला.

आता मघाचा प्रश्न. चूक कुलपाची होती का? कुलूप तर इमानदार होतं, कागदही इमानदार होता, बाई तर होत्याच. माझ्याकडे बघू नका, मंडळी, शेजारी बघा. आज या मंडपात कितीजण असे आहेत, ज्यांनी कुणाचं तरी नाव मनातून पुसलंय, आणि चूक आपलीच आहे हे ठाऊक असून गप्प आहेत? भाऊ असेल, जाऊ असेल, जुना सोबती असेल. तुमची किल्ली त्याच्याच देव्हाऱ्यात, देवाखाली जपून ठेवलेली असेल. रंगनाथरावांचं मशीन बंद पडलं, म्हणून ते गेले. तुम्ही मशीन बंद पडायची वाट बघू नका.

मृदंग जरा हळू घ्या. हात जोडा, डोळे मिटा, देवाचं नाव घ्या. आणि नाम संपलं की घरी जाताना त्या गल्लीने जा.