लव्हाळा वळखणारी म्हस

गडमुडशिंगीत एक म्हातारी हुती, ती मी. तिची एक नात हुती रूपाली, कालेजात झाडापाल्याचं शिकणारी. आणि एक म्हस हुती गौरी, माझ्यावानीच शाळा न बघितलेली.

एका सांजंला रूपाली लव्हाळ्याच्या दोन पेंढ्या फुडं घेऊन रडाय लागली. तळ्यातनं दोन जातींचा लव्हाळा आणलेला, पर नावाच्या चिठ्ठ्या भिजून पुसल्या. सकाळी सरांना कंचा कुठला ते सांगायचं, न्हायतर नापास. मी बघितलं तर दोन्हीच्या काड्या तीनधारी, तुरं बी सारखंच.

म्हटलं, "रडू नगंस. गौरी एक जात खाती, दुसरीला तोंड लावत न्हाय. तिला इचारू की."

दोन्ही पेंढ्या म्हशीफुडं ठेवल्या. तिनं हुंगलं, डावी सोडली आणि उजवी बघता बघता सगळी खाल्ली.

"आज्जी, खाल्ली ती कंची जात गं?"

"चवीची."

सकाळी रूपाली उरलेली पेंढी घेऊन गेली. सरांनी इचारलं, "दुसरी कुठाय?" पोरीनं खरं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हस घरात असती का?" म्हणालं. "माझ्याकडं बी दोन पेंढ्या हाईत. वरीस झालं, मलाच वळखंनात."

आता दर शनवारी कालेजची गाडी लव्हाळ्याचं भारं घेऊन दारात येती. सर वही घेऊन उभं ऱ्हात्यात, गौरी काय खाती ते लिवून घेत्यात. आमची वैरण इकत घ्यायची सुटली. रूपाली कवाच पास झाली. परीक्षा अजून म्हसच देती.