तासाभराची वाट

थोरला: चहा नको मला. आठ तास गाडी हाकत आलोय, ते चहा प्यायला नाही. त्याला न्यायचा दवाखान्याचा कागद कुठे आहे तेवढं सांग, बाकी मी बघतो.

सून: कागद माझ्याकडे आहे, भाऊजी. आणि तो मी देणार नाही. चहा मात्र घ्या.

थोरला: अगं, माझा पाठचा भाऊ आहे तो!

सून: आणि माझा नवरा. परवा सकाळी वेधशाळेत दुर्बिणीचा आरसा धुताना छातीत कळ आली, तिथेच बसला आणि गेला. माणसं धावली तेव्हा हातात ओला कापूस तसाच होता. तुम्ही फोनवर म्हणालात, "घरी आणायला येतोय." आणावं का, हे विचारलंत?

थोरला: विचारायचं काय त्यात? आई तिकडे दाराकडे डोळे लावून बसलीय. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई! मणक्यामुळे तिला धड अर्धा तास बसवत नाही, नाहीतर गाडीत घालून तिलाच आणली असती. धाकट्याला एकदा बघू दे, एवढं एकच म्हणतेय. आणि घराण्याची जागा आहे आपली. बाबा तिथेच मातीत आहेत.

सून: आमच्यात तासाभराच्या वाटेपलीकडे नेत नाहीत. माणूस ज्या गावात मरतो, तिथून तासाभरात जिथे पोचता येईल तिथेच त्याला माती द्यायची. बहाई धर्मात आला तेव्हापासून त्याला हे माहीत होतं.

थोरला: तुमच्यात पुजारी नाही, धर्मगुरू नाही. मग मला अडवायला येणार कोण?

सून: कुणीच नाही. म्हणून तर मलाच अडवावं लागतंय.

थोरला: काय पण धर्म! परग्रहावर माणसं राहतात म्हणणारा.

सून: अकरा वर्षं झाली, अजून तेच?

थोरला: मग काय विसरू? घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा पठ्ठ्या भर पंगतीत सांगतो, एकेका ताऱ्याला आपापले ग्रह आहेत आणि ग्रहाग्रहावर माणसं. मी एवढंच विचारलं की तिकडच्या मालवाहतुकीला आपले ट्रक लागतील का. सगळे हसले. तर हा ताटावरून उठला!

सून: विनोदावर तोही हसला होता, भाऊजी. त्यानंतर तुम्ही म्हणालात, "आईच्या डोक्यात असलं काही भरवणार असशील तर या घरात पाऊल टाकू नकोस." त्यावर उठला.

थोरला: रागाच्या भरात बोलतो माणूस.

सून: त्यानं मनावर घेतलं. पण आईंना विसरला नाही. दर वर्षी तुम्हाला फोन करायचा, "दादा, आईला चार दिवस इकडे पाठव." तेव्हा त्या चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या. तुमचं उत्तर ठरलेलं, "गाडी मोकळी नाही."

थोरला: नसायचीच मोकळी.

सून: चौदा ट्रक आणि दोन मोटारी, भाऊजी.

थोरला: ...चुकलो. म्हणून तर आलोय ना आता? तिला नाही आणलं त्याच्याकडे, निदान त्याला नेऊ दे तिच्याकडे. बरं, मला सांग, तासाभराची वाट म्हणजे पायीच ना? बैलगाडीच्या काळातला नियम दिसतोय. तासाभरात माणूस चालून चालून किती चालणार? असले नियम आज धरून बसायचे का?

सून: पायीच, असं नाही.

थोरला: म्हणजे?

सून: कोणत्याही वाहनानं चालतं. गावाच्या वेशीपासून जागेपर्यंत एक तास, एवढंच.

थोरला: कोणत्याही?

सून: हो.

थोरला: थांब, थांब. खालच्या मैदानात हेलिकॉप्टर उभं आहे, येताना बघितलं मी. डोंगरात कुणी पडलं-झडलं तर न्यायला ठेवतात ते. त्यांचे सुटे भाग माझ्याच गाड्यांतून येतात. रस्ता आठ तासांचा आहे तो घाटामुळे आणि वळणांमुळे. सरळ रेषेत धरलं तर... पन्नास मिनिटं. फार फार तर पंचावन्न! झालं की! तुमचा नियम राहिला आणि माझं कामही झालं.

सून: हो. नियम मोडत नाही.

थोरला: तू गप्प बसली असतीस तर मला कळलंसुद्धा नसतं.

सून: माहीत आहे. ओठांवर आलं होतं, "हो, पायीच." पण लबाडी करून त्याला मातीत ठेवलं असतं, तर त्या मातीजवळ उभं राहायचं तोंड मला उरलं नसतं. आता नियम बाजूला ठेवा. आता मी माझं सांगते. मला तो इथे हवाय.

थोरला: हट्ट आहे हा.

सून: आहे. काल आम्ही बायकामाणसांनी मिळून... नाही, खरं सांगते, मी एकटीनंच आंघोळ घातली त्याला. बाकीचे दाराबाहेर थांबले. सुती वस्त्रांत गुंडाळलं, आमच्या रीतीप्रमाणे बोटात अंगठी घातली. गावात आम्ही इनमीन अकरा बहाई. बाकीचे दहाही जण रात्रीपासून माझ्याबरोबर आहेत, आत्ता तुम्ही आलात म्हणून शेजारच्या खोलीत जाऊन बसलेत. उतारावरची जागा त्यानंच बघून ठेवली होती. तिथून दुर्बिणीचा घुमट दिसतो. मला म्हणायचा, "उद्या माणूस मंगळावर गेला आणि तिथे मेला, तर तिथूनच तासाभराच्या आत. परत आणायचं नाही. तीही मातीच. बघ, आपल्या घराण्याची जागा केवढी मोठी झाली!"

थोरला: हे असलं बोलायला लागला की मला त्याच्याशी काय बोलावं तेच सुचायचं नाही. म्हणून हसायचो... ते जाऊ दे. आईला काय सांगू मी? रिकाम्या हातानं जाऊ? तूच सांग तिला. घे.

(फोन लावून स्पीकरवर ठेवतो.)

आई: पोचलास का रे? निघालात का तिथून?

थोरला: आई, ऐक. पन्नास मिनिटांत आणतो त्याला. हेलिकॉप्टरनं. फक्त ही अडवतेय.

सून: हो, आई. मी नाही म्हणतेय. त्याला इथेच राहायचं होतं. तुमच्या लेकाचं तोंड तुम्हाला दिसू देत नाही मी, हे कळतंय मला. तुम्ही मला बोला, शिव्या द्या. पण मी कागदावर सही करणार नाही.

आई: ...जेवलीस का काही?

सून: नाही, आई.

आई: त्याला सापडले का गं ते?

सून: कोण, आई?

आई: ते जीव. ग्रहांवरचे.

थोरला: माणसं म्हणाला होता तो, आई.

आई: जीव म्हणाला होता. माणसं तू म्हणालास. मी वाढत होते, माझे कान तेव्हा शाबूत होते. कसे दिसतात रे, म्हणून विचारलं मी स्वयंपाकघरात. तर म्हणाला, "ठाऊक नाही, आई. आपल्यासारखेच असतील असं नाही. पण ज्यानं आपल्याला घडवलं, त्यानंच त्यांनाही." मला पटलं होतं ते. तुझ्या आवाजापुढे बोलले नाही इतकंच. सांग गं, सापडले?

सून: अजून नाही, आई.

आई: आणि तरी वीस वर्षं तो आरसा धूत राहिला?

सून: म्हणायचा, "शोधणारे शोधतील. आरशावर धूळ राहता कामा नये, ते माझ्याकडे."

आई: लहानपणी पाटीही तशीच पुसायचा. फुटेस्तोवर... काय रे थोरल्या, ते तुझं विमान मेलेल्या माणसालाच नेतं का?

थोरला: म्हणजे?

आई: जिवंत बाई बसते का त्यात?

थोरला: बसते. झोपवूनही नेतात, जखमी माणसं नेतात म्हटल्यावर...

आई: मग त्याला कशाला हलवतोस? पन्नास मिनिटं पडून यायला मला काय झालंय?

थोरला: आई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आई: येईल कसं? तू त्याला आणायलाच गेला होतास. मला न्यायचं तुझ्या कधी डोक्यात आलंय? ...रडू नकोस आता. फोन ठेव आणि त्या विमानवाल्यांशी बोल.

सून: आई, खरंच याल?

आई: येते. पण मी काही तुमच्यातली नाही. चालेल ना तुमच्या प्रार्थनेला?

सून: असं काय विचारता? चालेल. एकच जण म्हणतो ती. बाकीचे नुसते उभे राहतात.

आई: लांब असते का गं? फार वेळ उभं राहवत नाही मला.

थोरला: मी धरीन तुला, आई. संपेपर्यंत धरून उभा राहीन.