पूर्वमुखी प्लॉट

प्लॉट कसा घ्यावा हे मले विचारा, कारण कसा घेऊ नये ते मी पैसे मोजून शिकलो. लोहाऱ्याजवळ एक ले-आउट पाहाले गेलतो. मे महिना, अन् दलालानं बोलावलं ते भर बारा वाजता. बायकोची अट एकच होती, घराचं तोंड पूर्वेले पाहिजे. दलालानं रस्त्याकडे हात लांब केला, "ही पाहा पूर्व, भाऊ. एकदम पूर्वमुखी प्लॉट!" सूर्य होता डोक्यावर. मी तिथंच इसार देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोले मोठ्या ऐटीत प्लॉट दाखवाले नेलं. ती रस्त्याकडे पाहत उभी राह्यली अन् म्हणाली, "अहो, तुमच्या पूर्वेले सूर्य काहून बुडून राह्यला?"

सूर्य बुडाला, त्याच्या मागं माझा इसारही बुडाला.

महिन्याभरानं त्याच दलालाचा फोन आला. "भाऊ, बाभुळगाव रोडले एक प्लॉट हाये. या वेळी पक्का पूर्वमुखी. उद्या बाराले येता का?"

म्हटलं, "येतो ना. पण सकाळी सहाले येतो, अन् सूर्याले सोबत घेऊन येतो."